नव्या किडनीसोबत येणारी साखर

प्रत्यारोपणाला दीड-दोन महिने झालेले असतात. क्रिएटिनिन आठ-नऊवरून सव्वावर आलेलं असतं, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसणं संपलेलं असतं, पेला भरून पाणी पिता येऊ लागलेलं असतं. आणि अशात एका रिपोर्टात जेवणानंतरची साखर 260 दिसते. पेशंटला आजवर कधीच डायबेटिस नव्हता. मग घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, "किडनी दिली तिला शुगर होती का?"

ती म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. आपल्या देशात बहुतांश प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून, घरातल्याच माणसाकडून होतात. स्वतःचा अवयव काढून दिलेल्या बाईवर असा संशय येणं फार क्लेशाचं आहे, म्हणून हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. किडनीतून मधुमेह जात नाही. साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं आणि त्याचा उपयोग यकृत, स्नायू आणि चरबी यांत होतो. हे सगळं पेशंटचं स्वतःचंच असतं, शस्त्रक्रियेत त्यातलं काहीही बदललेलं नसतं.

मग ही साखर येते कुठून? थोडी औषधांतून येते, थोडी शरीरात आधीपासून दबा धरून बसलेली असते, आणि थोडी चक्क नव्या किडनीच्या चांगल्या कामामुळे वर येते. यातलं किती आधी ओळखता येतं, हा मला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण उत्तर आहे: पुष्कळसं.

हा आजार दुर्मीळ नाही. अमेरिकेत 1996 ते 2000 या काळात किडनी बसवलेल्या, आधी मधुमेह नसलेल्या 11,659 पेशंटांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत 9.1 टक्के, वर्षभरात 16 टक्के आणि तीन वर्षांत 24 टक्के लोकांना मधुमेह झालेला होता. म्हणजे चारांत एक. पुढच्या काळात स्टेरॉइडचे डोस कमी झाले, औषधांची मात्रा सांभाळून दिली जाऊ लागली, तरी प्रश्न संपलेला नाही.

1954 च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नाही. दाता आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली नाहीत. जुळा भाऊ नसलेल्या माणसाला किडनी द्यायची तर ही औषधं हवीतच. ती सुरू झाली आणि 1964 मध्येच डॉ. थॉमस स्टार्झल यांनी किडनी बसवलेल्या पेशंटांत नव्याने दिसू लागलेल्या मधुमेहाची नोंद केली. तेव्हा मुख्य औषध स्टेरॉइड होतं, तेही आजच्या मानाने भरमसाट मात्रेत.

त्यानंतर दोन औषधांनी प्रत्यारोपणाचा नूर पालटला आणि दोन्ही मातीतून आली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दा पठारावरच्या मातीतल्या बुरशीत सापडलं, तर टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबा परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूत. आज आपल्याकडे किडनी बसवलेला बहुतेक प्रत्येक माणूस टॅक्रोलिमस घेतो. पेशंटांच्या बोलीत ते नुसतं 'टॅक' असतं. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, बारा तासांच्या अंतराने, जेवणाशी सांगड घालून. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आणि 'टॅक लेव्हल' किती आली त्याची वाट बघायची, हा त्यांच्या आयुष्याचा भाग होऊन जातो.

टॅक्रोलिमस काय करतं, तर लढाऊ पांढऱ्या पेशींमधलं कॅल्सिन्यूरिन नावाचं प्रथिन बंद पाडतं. ते बंद पडलं की त्या पेशींना 'हा अवयव परका आहे, चाल करा' हा हुकूम पोचत नाही आणि किडनी वाचते. पण हेच कॅल्सिन्यूरिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनाही लागतं. इन्सुलिन बनवायचं, साठवायचं, जेवण झालं की सोडायचं आणि स्वतःची संख्या टिकवायची, या कामांत त्याचा हात असतो. औषधाला पेशी-पेशींतला फरक कळत नाही. बीटा पेशींचं काम मंदावतं. ज्यांचं स्वादुपिंड ठणठणीत असतं ते हा भार पेलतात. ज्यांचं आधीच काठावर असतं, त्यांची साखर वर येते.

सायक्लोस्पोरिन त्याच वाटेने जातं, पण साखरेच्या बाबतीत जरा सौम्य आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दोघांची थेट तुलना झाली. सहा महिन्यांनी टॅक्रोलिमस घेणाऱ्यांपैकी 33.6 टक्के आणि सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपैकी 26 टक्के लोकांना मधुमेह झालेला होता किंवा त्यांची उपाशीपोटीची साखर बिघडलेली होती. हे वाचून 'मग टॅक बंद करा' असं म्हणावंसं वाटेल. पण किडनी टिकवण्यात टॅक्रोलिमस सरस ठरलं आहे, आणि किडनी गेली तर साखर चांगली राहून उपयोग काय? डॉक्टर ते सहजासहजी सोडत नाहीत, ते यासाठी. काही निवडक पेशंटांत साखर फारच हाताबाहेर गेली तर औषध बदलतात. तो निर्णय प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

स्टेरॉइडची तऱ्हा वेगळी. ते यकृताला साखर तयार करायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. म्हणजे टॅक्रोलिमसमुळे इन्सुलिन कमी पडतं आणि स्टेरॉइडमुळे असलेलं इन्सुलिन पुरत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

यात घड्याळाचीही एक गोम आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे कित्येक महिने निदान हुकतं. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतात. तिचा जोर दुपारनंतर चढतो, संध्याकाळपर्यंत राहतो आणि रात्रीतून ओसरतो. अशा पेशंटच्या वहीतली एका दिवसाची साखर साधारण अशी दिसते: सकाळी उपाशीपोटी 96, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 240, संध्याकाळी जेवणाआधी 190, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 98. लॅबचा माणूस रक्त घ्यायला येतो सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. रिपोर्ट येतो 'नॉर्मल'. घरी सगळे निश्चिंत. इतर वेळी उपाशीपोटीची साखर हा मधुमेहाचा भरवशाचा पहिला पुरावा असतो, इथे तीच सगळ्यांत फसवी ठरते. पहिल्या काही महिन्यांत ग्लुकोमीटर लावायचा तर दुपारच्या जेवणानंतर किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी लावावा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी तरी खरं बोलते का? पहिल्या वर्षात तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. लाल पेशी साधारण चार महिने जगतात या हिशेबावर ही चाचणी उभी आहे. किडनीच्या पेशंटला रक्त चढवलेलं असतं, रक्त वाढवायची इंजेक्शनं दिलेली असतात, रक्तक्षय असतो, पेशी लवकर मरत असतात. तरुण लाल पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. तो 6.5 च्या वर आला तर खरा मानावा, खाली आला म्हणून निर्धास्त राहू नये.

आता नव्या किडनीचा भाग. निरोगी किडनी लघवी तर तयार करतेच, शिवाय रक्तातल्या इन्सुलिनचा बराच मोठा वाटा मोडून टाकते. किडनी निकामी होत जाते तसं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. डायलिसिसवरच्या मधुमेही पेशंटची इन्सुलिनची गरज आपोआप कमी होते, काहींच्या गोळ्याच बंद होतात, आणि घरचे म्हणतात, "शुगर गेली!" ती गेलेली नसते. निरोगी किडनी स्वतः साखर तयारही करते: रात्रभर उपाशी राहिल्यावर शरीर जी साखर रक्तात सोडतं, तिचा पाचव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग किडनीतून येतो. आजारी किडनीला हेही जमत नाही. मग प्रत्यारोपण होतं, नवी किडनी कामाला लागते, इन्सुलिन झपाट्याने मोडू लागते, साखर बनवू लागते, आणि इतकी वर्षं झाकलेली उणीव उघडी पडते. म्हणून किडनी उत्तम चालत असताना साखर वाढते, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी त्यात विसंगती नाही.

ही उणीव कुणात असते, याचा अंदाज आधी येऊ शकतो. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर धोका वाढतो. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर वाढतो. बाईला गरोदरपणी साखर झाली असेल तर ती तिच्या स्वादुपिंडाने आधीच दिलेली सूचना आहे, आणि प्रत्यारोपणाच्या आधी ही गोष्ट कुणी आवर्जून विचारत नाही तेव्हा मला वाईट वाटतं. किडनी कशाने गेली यालाही अर्थ आहे. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार असतो, त्यातल्या पेशंटांना प्रत्यारोपणानंतर मधुमेह जास्त होतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं.

वजनाबद्दल आपल्या लोकांनी जरा वेगळा विचार करायला हवा. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात बीएमआय 30 किंवा अधिक असलेल्यांना धोका ठळकपणे जास्त होता. आपल्याकडे तीसपर्यंत थांबायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय 22.3, दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आत, पोटाभोवती चरबी घेऊन वावरतो, हे याज्ञिकांचं आयुष्यभराचं संशोधन त्या एका फोटोत सामावलं आहे. डायलिसिसवरच्या माणसात तर हे आणखी अवघड होतं. स्नायू झिजलेले असतात, वजनात पाणी मिसळलेलं असतं, आणि हातपाय काटकुळे दिसत असल्यामुळे कुणी कमरेला टेप लावत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. किडनीसाठी थांबलेल्या रांगेत त्यातले कित्येक असणारच.

हे उंबरठ्यावरचे लोक ओळखायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे: उपाशीपोटी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांनंतरची साखर 140 ते 199 आली तर माणूस काठावर आहे, 200 किंवा जास्त आली तर मधुमेह आधीच आहे. दात्याच्या तपासण्यांत तिच्या साखरेची कसून चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. पण घेणाऱ्याची तपासणी मात्र अनेकदा उपाशीपोटीच्या एका आकड्यावर भागवली जाते. त्याच सकाळी, त्याच लॅबमध्ये, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटलाही ते ग्लुकोजचं पाणी द्यायला हरकत काय? जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात कागदपत्रं, समितीची परवानगी यांत महिने जातात. तेवढ्या वेळात वजन, चालणं आणि आहार यांवर थोडं काम होऊ शकतं, आणि औषधांची निवड करताना डॉक्टरांच्या हाती एक महत्त्वाची माहिती असते.

हिपॅटायटिस सी हा आणखी एक धोका, आणि तो डायलिसिस घेणाऱ्यांच्या फार जवळचा. हा विषाणू यकृतात इन्सुलिनचा परिणाम बिघडवतो, टॅक्रोलिमस सोबत असलं की जास्तच. आता गोळ्यांनी, बहुतेकांत बारा आठवड्यांत, तो पूर्ण बरा करता येतो. रक्तातलं मॅग्नेशियम कमी असणाऱ्यांतही साखर जास्त दिसते, आणि टॅक्रोलिमसमुळे मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं. त्याच्या गोळ्या दिल्याने मधुमेह टळतो असं मात्र चाचणीत दिसलेलं नाही.

किडनी नाकारली जाण्याचा झटका आला, तर तो शमवायला तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात, रोज 500 मिलिग्रॅम किंवा अधिक. त्या आठवड्यात साखर 400 ला टेकली तरी नवल नाही. इथेच एक धोकादायक चूक होते. शेजारी सांगतो, मोबाइलवर कुणीतरी पाठवतं की ह्या गोळ्यांनी शुगर होते, आणि पेशंट कुणालाही न विचारता टॅकची एक वेळ गाळायला लागतो. औषध कमी पडलं की शरीर किडनीवर चालून जातं, मग ते मोठे स्टेरॉइडचे डोस, आणि जिच्या भीतीने गोळी गाळली ती साखर दुपटीने वाढते. किडनीला इजा होते ती वेगळीच. गोळी स्वतःच्या मनाने एकही गाळायची नाही.

उलट बाजूने औषध रक्तात नको तितकं वाढणंही वाईट, कारण बीटा पेशींवरचा ताण मात्रेबरोबर वाढतो. खर्च कमी व्हावा म्हणून आपल्याकडे काही पेशंटांना टॅकसोबत डिल्टियाझेम देतात. त्याने टॅकची पातळी टिकून राहते आणि कमी गोळ्यांत भागतं. हे डॉक्टरांच्या हिशेबात असतं. हिशेबाबाहेरच्या गोष्टी घरात घडतात. खोकला झाला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन आणलं, की टॅकची पातळी चढते. बुरशीच्या आजारावरच्या कित्येक गोळ्यांनी चढते. जुलाब लागले तरी चढते. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनस हेही तिला चढवणाऱ्या फळांपैकी एक आहे, ते टाळायचं. कुठल्याही दवाखान्यात गेलं की 'मला किडनी बसवली आहे, मी टॅक्रोलिमस घेतो' हे पहिलं वाक्य असावं.

राहिली भूक. डायलिसिसच्या वर्षांत माणसाने केळं, टोमॅटो, नारळपाणी, डाळ सगळं मोजून खाल्लेलं असतं. तोंडाला चव नसते. प्रत्यारोपणानंतर विषारी द्रव्यं निघून जातात, चव परत येते, आणि स्टेरॉइड भूक आणखी पेटवतं. घरच्यांना इतका आनंद झालेला असतो की ताटात तूप-भात, शिरा, आंबा, भेटायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे, काही म्हणजे काही अडवलं जात नाही. जंतुसंसर्गाच्या धास्तीने बाहेर फिरणं बंद. पहिल्या वर्षात आठ-दहा किलो वजन वाढलेली माणसं सर्रास दिसतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही, इतकं त्यांनी सोसलेलं असतं. पण आहारतज्ज्ञ किडनीचा तक्ता काढून घेतात आणि त्या जागी दुसरा काही देत नाहीत, हे चुकतं. भात एक वाटी, सोबत उसळ आणि कोशिंबीर (कोशिंबिरीचं सगळं स्वच्छ धुऊन), फळ खायचं तर अख्खं, रस नको, आणि टाके भरले की घरातल्या घरात, मग सकाळी मोकळ्या हवेत चालणं. एवढं पहिल्या महिन्यात कुणी समोर बसून समजावलं तरी मोठा फरक पडतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत साखर जवळजवळ सगळ्यांचीच चढते. डोस मोठे असतात, शरीरावर घाव असतो. म्हणून तज्ज्ञांनी 2013 मध्ये व्हिएन्नात भरलेल्या बैठकीत ठरवलं, की पहिले पंचेचाळीस दिवस मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. औषधांची मात्रा स्थिरावल्यावर निदान करायचं. साखरेवर उपचार मात्र पहिल्या दिवसापासूनच, आणि तेव्हा बहुधा इन्सुलिननेच. इन्सुलिन बाहेरून दिलं की दमलेल्या बीटा पेशींना विसावा मिळतो. व्हिएन्नातल्याच डॉक्टरांनी 50 पेशंटांवर केलेल्या चाचणीत, लवकर इन्सुलिन दिलेल्यांना वर्षाअखेर मधुमेह पुष्कळ कमी झालेला दिसला. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा इतका स्पष्ट आला नाही आणि साखर एकदम उतरण्याचे प्रसंगही जास्त घडले. तरीही 'इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही' ही आपल्याकडची समजूत इथे तरी लागू नाही. ते सहा महिन्यांत सुटलेले पुष्कळ पेशंट आहेत.

स्टेरॉइड उतरवत पाच मिलिग्रॅमवर आणलं, टॅकची पातळी पहिल्या महिन्यांपेक्षा खाली ठेवली, वजन आटोक्यात राहिलं, की काहींची साखर औषधाविना जागेवर येते. ज्यांची येत नाही त्यांना गोळ्या मिळतात. लिनाग्लिप्टिनची मात्रा किडनीप्रमाणे बदलावी लागत नाही, मेटफॉर्मिन देताना मात्र किडनीचं काम किती टक्के चाललंय ते बघतात. या मधुमेहाने हृदयविकाराचा धोका वाढतो, जंतुसंसर्ग वाढतो, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर नव्या किडनीचंही नुकसान होतं. त्यामुळे वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांच्या संवेदना आणि लघवीतलं प्रथिन तपासणं या पेशंटांनाही लागू आहे.

आणि साखर सुटली म्हणून वही मिटवायची नाही. या आजाराच्या दोन लाटा दिसतात: एक पहिल्या काही महिन्यांतली, औषधांच्या जोराची, दुसरी काही वर्षांनंतरची, वाढलेल्या वयाची आणि वजनाची. पहिल्या लाटेतून सुखरूप निघालेला माणूस तोपर्यंत नोकरीवर परतलेला असतो, ओपीडीच्या फेऱ्या तीन महिन्यांवर गेलेल्या असतात, तपासण्यांच्या कागदावर क्रिएटिनिन आणि टॅक लेव्हल एवढंच लिहिलेलं असतं. त्या कागदावर जेवणानंतरची साखर स्वतःहून लिहून घ्यावी, दरवर्षी, किडनी कितीही छान चालत असली तरी.